पहिली-दुसरीची पुस्तके शाळेला निवडू द्या

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

महोदय,

सप्रेम नमस्कार.

शाळांत अवांतर वाचनाच्या पुस्तकांचे खोके येतात ते बहुतेक वेळा मार्चमध्ये. आर्थिक वर्ष संपायच्या आत निधी खर्ची पडायचा असतो. त्या वेळी परीक्षा तोंडावर असते आणि पाठोपाठ सुट्टी. खोक्यात काय हवे, हे शाळेला कुणी विचारलेले नसते. मुख्याध्यापक पोच देतात, शाळेच्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या जडसंग्रह नोंदवहीत आकडा चढतो आणि पुस्तके कपाटात जातात. जिल्हा परिषदेच्या शाळांत पहिली-दुसरीचे वर्ग सांभाळण्यात माझी नोकरी गेली. आता निवृत्त आहे, म्हणून जरा मोकळेपणाने लिहिते. मागणे एकच आहे. या दोन वर्गांची पुस्तके त्यांच्या शिक्षकांना निवडू द्या, आणि त्यात गोष्टींच्या बरोबरीने खऱ्या जगाची पुस्तके येतील असे बघा.

खोक्यातली पुस्तके चांगली असतीलही, पण ती सहा वर्षांच्या मुलाची नसतात. बरीचशी थोरांची चरित्रे. बारीक टाइप, पानभर परिच्छेद आणि सुरुवात ठरलेली: जन्म अमुक साली, अमुक गावी. सावित्रीबाई पहिलीच्या मुलीला कळायलाच हव्यात. पण १८३१ साल आणि नायगाव एवढे वाचून तिला काय कळणार? तिचा अजून परवा आणि तेरवा यांतला घोळ निस्तरलेला नसतो. शाळेच्या वाटेवर अंगावर शेण झेलणाऱ्या, पिशवीत दुसरे लुगडे घेऊन निघणाऱ्या सावित्रीबाईंचे एक चित्र आणि खाली एक ओळ द्या, ती ते पान पुन्हा पुन्हा उघडेल. चरित्रे संपली की बोधकथा. शेवटच्या पानावर चौकटीत तात्पर्य. मुले चौकट दिसली की पुस्तक मिटतात, आणि मला त्यांचे बरोबर वाटते.

नवशिक्या वाचकांसाठी म्हणून जोडाक्षरविरहित पुस्तके काढली जातात. हेतू चांगला, पण नियम कडक पाळला की 'म्हणाली' चालत नाही, 'त्याला' चालत नाही, 'माझ्या' चालत नाही. मग "बबन, फणस धर. मगन, वर चढ" अशा वाक्यांची रांग उरते, जी कुठल्याच घरात कुणी बोलत नाही. रोजच्या कानावरचा शब्द मुलाला जोडाक्षरासकट ओळखू येतो. 'आज्जी' आणि 'बिस्किट' पहिलीतली बरीच मुले दिवाळीच्या आसपास वाचू लागतात. पुस्तकात त्यांना बंदी कशासाठी?

गोष्टीच्या पुस्तकात मी काय बघत असे ते सांगते. पानावर एक-दोन ओळी, त्याही दर पानावर त्याच जागी, आणि ओळ अर्थाच्या मध्येच तुटलेली नको. एखादे वाक्य पुन्हा पुन्हा यावे आणि शेवटी एकदाच बदलावे, म्हणजे मूल त्याची वाट बघत पान उलटते. चित्राने अडलेल्या शब्दाला हात द्यावा, शिवाय मजकुरात नसलेले काहीतरी चित्रात असावे. टाइप मोठा हवा. 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे हवेत. शासनाने वर्णमालेच्या निर्णयांत ही वळणे ठरवून दिलेली आहेत, तरी हिंदी वळणाची अक्षरे छापलेली पुस्तके शाळेत येतात आणि फळ्यावरचा ल पुस्तकात सापडेना म्हणून मूल अडते. मोठ्यांना ही बाब क्षुल्लक वाटेल. पहिलीत एवढ्यावर अख्खा तास जातो.

माहितीच्या पुस्तकांची तर या वयासाठी कुणाला आठवणच होत नाही. आधी गोष्टींवर वाचायला शिकावे, माहिती काय, तिसरीपासून परिसर अभ्यासात येईलच, अशी समजूत आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत मात्र प्रत्येक शाळेच्या ग्रंथालयात वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांवरची पुस्तके असावीत असे म्हटले आहे, आणि त्यातून पहिली-दुसरी वगळलेली नाही. हे दुर्लक्ष आपल्याकडेच आहे असेही समजू नका. अमेरिकेत नेल ड्यूक या संशोधक बाईंनी पहिलीचे २० वर्ग अभ्यासले. माहितीपर मजकुरासोबत तिथल्या मुलांचा वेळ दिवसाला सरासरी ३.६ मिनिटे जात होता, असे त्यांनी २००० साली मांडले.

आणि पहिलीतल्या मुलांचे प्रश्न ऐका. मुंगी झोपते का? एसटीचे चाक पंक्चर झाले तर कोण काढते? बोअरला पाणी लागले हे वरून कसे कळते? विंचवाचे विष कुठल्या टोकाला असते? काही मुलांना राजा-राणीत आणि बोलक्या कोल्ह्यात काडीचा रस नसतो. त्यांना ट्रॅक्टर हवा असतो, खरा, त्याच्या भागांच्या नावांसकट. अशा मुलाच्या नावापुढे 'वाचनात मागे' असा शेरा बसतो, तेव्हा मला त्याच्या हातात कुठले पुस्तक होते ते विचारावेसे वाटते. माहितीचे पुस्तक मधूनही उघडता येते. ज्याला सलग वाक्य झेपत नाही तो हत्तीच्या चित्रातल्या बाणांजवळचे शब्द वाचतो: सोंड, सुळे, कान, शेपूट. चार शब्द झाले, आणि ते कशाबद्दल होते हे त्याला नीट माहीत असते.

सापांचेच घ्या. आपल्याकडे शेतात, अंगणात, झोपेतसुद्धा साप चावून माणसे दगावतात, त्यांत मुलेही असतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे कसे दिसतात, दिसले तर काय करायचे, चावला तर थेट दवाखाना गाठायचा, असे सोळा पानांचे पुस्तक, पानावर एक खरा फोटो आणि एक ओळ, पहिलीच्या प्रत्येक वर्गात हवे. मुलांना बघायला मिळते ते वाटीतले दूध पिणाऱ्या नागोबाचे चित्र. साप दूध पीत नाही. गोष्टीत नागोबाने खुशाल दूध प्यावे, गप्पाही माराव्यात. माहितीच्या पुस्तकात ते नको. 'मी मधमाशी, चला माझे घर बघायला' छापाची सरमिसळ मला नेहमी खटकते. मूल विचारते, "बाई, माशी खरंच बोलते?" प्रश्न अगदी योग्य आहे, पुस्तकाने तो निष्कारण ओढवून घेतलेला असतो. भाषांतरित पुस्तकांची गत आणखी वेगळी: सस्तन, अधिवास, परागीभवन. 'पिल्लांना दूध पाजणारे प्राणी' असे लिहिल्याने शास्त्र बुडत नाही.

पालघर जिल्ह्यातल्या कोसबादला बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांना शिकवताना आसपासचे दगड, बिया, शिंपले, पाने हीच साधने केली. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावच्या पावरी बोलणाऱ्या किंवा मेळघाटातल्या कोरकू बोलणाऱ्या मुलाला मोहफुलांवरचे, खेकड्यांवरचे पुस्तक मिळायला हवे, मराठी ओळीखाली त्याच्या बोलीतली ओळ छापलेले. राज्यभराच्या एका यादीत हे बसवायचे कसे?

आणखी एक गोष्ट याद्या करणारे विसरतात. मुलाने स्वतः वाचायचे पुस्तक वेगळे आणि शिक्षकाने वाचून दाखवायचे वेगळे. वाचून दाखवायच्या पुस्तकात लांब वाक्ये, अवघड शब्द असले तरी चालतात, कारण मुलाला कानाने कितीतरी जास्त कळते. वर्गात दोन्ही लागतात.

आता व्यवहाराचे. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयासाठी वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. पातळ चित्रपुस्तक पन्नास-साठ रुपयांना धरले, तर ऐंशीएक प्रती होतात. गटाने बसून वाचता यावे म्हणून एकाच्या चार-पाच प्रती घेतल्या तरी दरवर्षी पंधरा-वीस नवी पुस्तके येतील. राज्याने भलीमोठी यादी जरूर करावी, चुकीची माहिती, जातीचा किंवा मुलींचा अपमान, निकृष्ट छपाई असलेली पुस्तके गाळावीत आणि तिथे थांबावे. पुढचे काम केंद्रशाळेत, म्हणजे आसपासच्या शाळांचे शिक्षक जमतात त्या शाळेत, होऊ द्या. जुलै-ऑगस्टमधल्या एखाद्या शिक्षण परिषदेच्या दिवशी नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स आणि मराठीत मुलांची पुस्तके काढणाऱ्या लहान-मोठ्या प्रकाशकांना पुस्तके मांडायला बोलवा. शिक्षकांनी वर्गातली दोन-तीन मुले बरोबर आणावीत. मुले कुठले पुस्तक खाली ठेवायला तयार नाहीत, हे तासाभरात दिसते. बिल शाळा व्यवस्थापन समितीने द्यावे.

शिक्षकांना निवड जमेल का, अशी शंका मंत्रालयात निघेल. काहींची चुकेलही. एका शाळेने पाच पुस्तके चुकीची घेतली तर ती तेवढ्याच शाळेत पडून राहतील. राज्याची यादी चुकली तर तीच चूक हजारो कपाटांत जाते.

पाठ्यपुस्तके काढणारी बालभारती आपल्याच खात्याची. तिचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते आहे, पण ते मोठ्या मुलांचे. सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी तिने साप, एसटी, विहीर, कांदा, चंद्र अशी माहितीची मालिका काढावी. पुस्तक छापण्याआधी ते पहिलीच्या दोन-चार वर्गांत नेऊन बघावे, एवढीच पुस्ती जोडते.

सर्वांत सोपे काम शेवटी. पुस्तक हरवले तर वसुली आपल्यावर येईल या धास्तीने शिक्षक कपाट उघडत नाहीत. पहिलीतल्या मुलाने वापरलेले पुस्तक फाटणार, त्याला तेल लागणार, धाकटे भावंड त्यावर रेघोट्या मारणार. दरवर्षी पाचवा हिस्सा पुस्तके मुख्याध्यापकांच्या सहीने निर्लेखित करता येतील, म्हणजे नोंदवहीतून कमी करता येतील, असे परिपत्रक काढा. त्याला पैसा लागत नाही. खरेदीची नवी पद्धत हवी तर आधी एका तालुक्यात करून बघा, पण हे परिपत्रक तालुक्यापुरते ठेवू नका. ते राज्यभर लागू करा, आणि शक्यतो शाळा उघडायच्या आत.

आपली,
जिल्हा परिषद शाळेतील एक निवृत्त शिक्षिका