नजर रस्त्यावर, पण लक्ष?

चि. ईशान,
अनेक आशीर्वाद.

"गाडी चालवताना नजर रस्त्यावरच असते की माझी, कॉल चालू असला म्हणून काय झालं?" असं तू म्हणालास, ते डोक्यातून जात नाही. म्हणून सविस्तर लिहिते.

नजर एकीकडे आणि लक्ष दुसरीकडे असू शकतं. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच हे स्वतःवर करून पाहिलं. अंधारात समोर अक्षरं, नजर प्रकाशाच्या एका बारीक ठिपक्यावर खिळलेली आणि लक्ष मात्र ठरवून एका बाजूला. मग विजेची ठिणगी पडायची, इतकी क्षणिक की डोळा हलवायलाही वेळ मिळू नये. जिकडे लक्ष होतं तिकडची अक्षरं त्याला वाचता आली, बाकीची नाही.

पुढे 1980 साली मायकेल पोस्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं, की पडद्यावर खूण कुठे उमटणार याची आधी कल्पना असली तर ती दिसल्यावर माणूस बटण लवकर दाबतो आणि अंदाज चुकीच्या जागी असला तर उशीर होतो. डोळे जागचे न हलवता!

पण लक्ष दिल्याने फक्त स्पष्ट दिसतं, की मेंदूचं कामही लवकर उरकतं? 2001 मध्ये मारिसा कारास्को आणि ब्रायन मॅकएल्री या संशोधकांनी हे छान सोडवलं. पडद्यावरचा पट्टा कोणत्या बाजूला कललाय ते ओळखायचं; मध्येच कधीतरी आवाज होणार आणि तो होताच उत्तर द्यायचं, विचार पुरा झालेला असो वा नसो. लक्ष आधीच त्या जागी असलं तर स्पष्टताही वाढली आणि माहिती गोळा व्हायचा वेगही.

आता गाडीचं बघ. ताशी 60 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास 17 मीटर. बोलण्याच्या नादात ब्रेक अर्धा सेकंद उशिरा लागला, तर गाडी आठ मीटर तशीच पुढे जाते. इयरफोन लावून हात मोकळे राहतात रे, डोकं गुंतलेलंच राहतं.

उभ्या बसच्या पुढच्या कडेवर आधीपासून लक्ष ठेवत जा, माणूस तिथूनच अचानक पुढे येतो. फोन आलाच तर गाडी बाजूला घेऊन बोल. आणि माझा असला तर उचलूच नकोस, पोहोचलास की कर.

तुझी,
आई