हार राहू द्या, आधी तपासणी करा

संपादक साहेब, नमस्कार. १४ एप्रिलला अग्निशमन दिन, १९४४ च्या मुंबई गोदी स्फोटात ६६ जवान गेले त्यांच्या आठवणीचा. माझा चुलत भाऊ नगरपालिकेत कंत्राटी फायरमन आहे, ट्रेनिंग म्हणजे आठवडाभर पाईप धरायला शिकवलं बस, गोडाउनची आग विझवून पहाटे घरी आला की नाक शिंकरल्यावर काळं येतं आणि तो काळवंडलेला युनिफॉर्म वहिनी पोरांच्या कपड्यांसोबतच धुते. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने हे कामच कॅन्सरकारक ठरवलंय, तरी ह्याची छाती एकदाही तपासली नाही! भरती कायमची करा, हवेचा सिलेंडर प्रत्येकाला द्या, आणि फुफ्फुसांची टेस्ट दरवर्षी पालिकेच्या खर्चाने झालीच पाहिजे.

– एका फायरमनची बहीण