मंत्रीमहोदय, हलगी राहू द्या, आसूड उतरवा

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय, जय लहुजी.

सरकारी महोत्सवांत लोककला म्हणून पोतराज उभा केला जातो. खणांचा घागरा, मोकळ्या जटा, कपाळभर मळवट. तो उघड्या अंगावर आसूड ओढतो आणि पुढच्या रांगेतले पाहुणे मोबाईल वर धरतात. आम्हा मातंगांच्या माना तेव्हा खाली जातात. तो घागरा हौसेनं नेसलेला नसतो. पोर जगलं तर मरीआईला वाहीन, असा नवस आईबापांनी बोललेला असतो. मग त्याच्या केसांना कात्री लागत नाही, नि शाळेत चिडवून चिडवून त्याला घरी बसवतात. मरीआई पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची देवी. तिचं ठाणं वेशीबाहेर, म्हणून तिचा कोप अंगावर घेणारेही वेशीबाहेरचेच. पटकी गेली, आसूड राहिला.

१९३६ साली मुंबईत देवदासी, पोतराज, जोगतिणींच्या सभेत बाबासाहेबांनी ही कामं सोडायला सांगितलं. अनेकांनी सोडली. पोटाला दुसरा आधार नव्हता, ते मागं राहिले; आता त्यांनाच तुम्ही ‘वारसा’ म्हणता.

हलगीचं तसं नाही. ती विद्या आहे. चामडं किती तापवायचं, उजव्या हातातलं टिपरू कुठं मारायचं, डाव्या हातातल्या काडीनं किती भरायचं, हे वर्षानुवर्षं शिकावं लागतं. कोल्हापूरकडं हलगी, घुमकं, कैताळ वाजल्याशिवाय कुस्तीचं मैदान रंगत नाही. पण जत्रेत तोच वादक पालखीपुढं चालतो आणि देवळाच्या पायरीशी थांबतो. बिदागी म्हणजे देणाऱ्याची खुशी.

ज्येष्ठ कलावंतांना शासन महिना ५,००० रुपये मानधन देतं, चांगलंच आहे. अर्जासोबत कलेचे पुरावे लागतात. जत्रेत वाजवणाऱ्याला प्रमाणपत्र कोण देणार? आणि कृपा करून गावकीचा दाखला आणायला सांगू नका. तिथं पालखीच्या मानकऱ्यांचाच शब्द चालतो. दोन जुन्या वादकांनी याला ओळखतो म्हटलं, की पुरावा धरा.

वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय शासनानं २०२० मध्ये घेतला. त्याच शासनाच्या मंचावर अंगावर आसूड ओढून घेणारा माणूस शोभत नाही. तो प्रयोग बंद करा, त्या पोतराजाच्या मुलांच्या वसतिगृहाचं बघा, आणि हलगीवाल्या म्हाताऱ्यांना शाळांत मानधनावर शिकवायला बोलवा. वर्गात सगळ्या जातींची पोरं बसलेली असावीत, एवढी अट मात्र आमची.

आपला,
हलगीवाल्याच्या घरातला एक