दिल्लीच्या चांदणी चौकातल्या गलाईवाल्या (सोनं-चांदी गाळणाऱ्या) दादा-वहिनींना, रत्नागिरीहून

दादा, वहिनी, नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की दादा "आवो ताई, त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदलतात आणि वहिनी तर फोन सरळ लेकीच्या हातात देऊन मोकळ्या. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय, म्हणजे मधे तोडता येणार नाही. शिवाय आमच्या कोकणातून थंडीत दिल्लीला जायचं म्हणणारे पुष्कळ आहेत, तुम्ही आम्हाला सांगितलेलं त्यांच्याही कामाला येईल.

जानेवारीत आम्ही दोघंच फिरायला निघालो याचंच इथे सगळ्यांना नवल वाटलं होतं. आंबा बागायतदार मोहोराच्या दिवसांत बाग सोडून जातो म्हणजे काय, फवारणी कोण बघणार, तुडतुडे पडले म्हणजे? शेवटी धाकटे दीर म्हणाले मी बघतो, तुम्ही जा एकदाचे. आमचं कसं असतं ना, मार्च ते मे आंबा, मग पाऊस, मग गणपतीला घर भरलेलं, त्यानंतर भातकापणी, म्हणजे फिरायला उरते ती थंडीच आणि तीही अर्धीमुर्धी. ह्यांना लाल किल्ला बघायचा होता, शाळेत असल्यापासून. मला ताजमहाल, तो राहिला तो राहिलाच, असो.

आता रत्नागिरीची थंडी म्हणजे किती, पहाटे अठरा-एकोणीस डिग्री झालं की आम्ही खूश, मोहोराला बरं. स्वेटर विकत घेण्याची वेळच येत नाही. मंगला एक्स्प्रेस मथुरेच्या पुढे धुक्यातून रांगत रांगत निजामुद्दीनला पोचली तेव्हा ह्यांच्या अंगावर मोटारसायकलवर घालायचं जर्किन आणि माझ्या अंगावर एक शाल. हॉटेलचं नाव घेत नाही, पण गिझर कायम "अभी चालू होगा" म्हणे, हीटरचे पैसे दिवसाला वेगळे, आणि पांघरूण असं की पाय झाकले तर खांदे उघडे. फरशी तर इतकी गार की मी पहिल्या रात्री बाथरूमला जाताना चपला घालून गेले, घरात मी कुणाला असं करू देणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फतेहपुरीच्या कोपऱ्यावर आमचं भांडण चाललं होतं. म्हणजे भांडण असं नाही, हे म्हणत होते किल्ला आणि मी म्हणत होते आधी कुठेतरी कढत चहा, पण आवाज चढले होते खरे. तेवढ्यात मागून ऐकू आलं, "कुठलं म्हणायचं पावनं?" दादा, त्या धुक्यात, त्या हिंदी-पंजाबी कलकलाटात ते "पावनं" ऐकून मला रडूच यायचं बाकी होतं. तुम्ही पुढे म्हणालात, "किल्ल्याकडं निघालाय व्हय? आज सोमवार हाय, बंद असतो. चला वर, भट्टीपाशी बसा जरा."

कूचा महाजनीतला तो जिना आम्ही विसरणार नाही. एका वेळी एकच माणूस चढेल एवढा अरुंद, आणि वर गेल्यावर जेमतेम दहा बाय दहाची खोली, त्यात भट्टी, तराजू, भिंतीवर सिद्धनाथाचा फोटो. आम्हाला बाकड्यावर बसवलंत आणि हातातलं काम चालूच ठेवलंत. कुणा सराफाचे मोडीत आलेले पैंजण, करंडे, वाट्या असं सगळं मुशीत होतं. चिमट्याने मूस उचललीत, साच्यात ओतलीत, चांदी आधी नारिंगी दिसत होती आणि बघता बघता तिच्यावर दुधावर साय धरावी तसा पांढरा पापुद्रा आला. मग लगड उपडी करून पाण्यात टाकलीत, चर्रर्र झालं, आणि तुम्ही मान वर न करता विचारलंत, "च्या साखरेचा चालंल का?" ह्यांना डायबेटिस आहे हे तेव्हा सांगायचं मीच टाळलं, एवढ्या थंडीत एक कप चालतो.

सांगलीच्या खानापूर-आटपाडीकडची माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पसरलीत हे ऐकून माहीत होतं. दुष्काळी मुलूख, पाणी नाही, शेत पिकत नाही, म्हणून एकेक घरातला एकेक मुलगा बाहेर पडला आणि जिथे सराफ बाजार तिथे यांची भट्टी. पण ऐकणं वेगळं. तुम्ही त्या भट्टीपाशी बसून टंच (चांदीचा कस) काढता काढता आमची दिल्ली आखून दिलीत ती कुठल्या टूरवाल्याने दिली नसती, कारण टूरवाला ठिकाणं मोजतो आणि तुम्ही ऊन मोजलंत.

ते इथे लिहून ठेवते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. जानेवारीत सकाळी लवकर उठून बाहेर पडायचंच नाही, अकरापर्यंत धुक्यात काही दिसत नाही आणि त्यात धूर असतो तो घशात बसतो, तेव्हा सकाळ ठेवायची छपराखालच्या गोष्टींना, म्हणजे नॅशनल म्युझियम नाहीतर बंगला साहिब गुरुद्वारा, तिथे लंगरची गरम डाळ-रोटी. मोकळ्यावरचं सगळं बारा ते चार, पाचला सूर्य विझल्यासारखा होतो तेव्हा परत फिरायचं. आणि सोमवारी लाल किल्ला, म्युझियम, अक्षरधाम, लोटस टेंपल सगळंच बंद, पण कुतुबमिनार आणि हुमायूनची कबर उघडी, म्हणून सोमवार त्यांचा. चांदणी चौक स्टेशनवरून पिवळी लाइन धरली की गाडी न बदलता थेट कुतुबमिनार. मेट्रोत बसल्यावर हे सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं म्हणाले की ही पण आपल्या कोकण रेल्वेवाल्या श्रीधरन साहेबांनीच केलेली. कोकण रेल्वे १९९८ ला पूर्ण झाली, दिल्ली मेट्रो २००२ ला सुरू झाली. समोरच्या सरदारजींना मराठी कळत नसावं पण त्यांनी मान डोलावली.

कुतुबमिनार ७२.५ मीटर उंच, पण वर चढता येत नाही, १९८१ साली आत चेंगराचेंगरी होऊन शाळेची मुलं गेली तेव्हापासून बंद. आमचे हे मात्र मिनार सोडून त्या लोखंडी खांबापाशीच उभे. सात मीटरचा खांब, सहा टनांचा, सोळाशे वर्षांचा, आणि गंज नाही! तुम्ही समुद्राकाठी राहिला नाहीत दादा, तुम्हाला कळायचं नाही, आमच्याकडे खिडकीचे गज, पंपाचे नटबोल्ट, गेटची बिजागरं, सगळं खारी हवा खाऊन टाकते, दर दिवाळीला रेडऑक्साइड मारावं लागतं. तिथे लिहिलेलं कारण ह्यांनी वाचून दाखवलं की त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे त्यामुळे वर एक पातळ थर धरतो आणि तो आतल्या लोखंडाला सांभाळतो, शिवाय दिल्लीची हवा कोरडी. मग म्हणाले, "हा खांब आमच्या भाट्याच्या किनाऱ्यावर उभा करा आणि दोन पावसाळे जाऊ द्या, मग बोलू." हुमायूनची कबर त्याच्या बायकोने बांधून घेतली, ताजमहालाच्या कितीतरी आधी, हे कळल्यावर मी ह्यांच्याकडे नुसतं बघितलं. त्यावर ह्यांचं उत्तर, "मला नको, तू आधी किचनच्या कौलांचं बघ."

त्या संध्याकाळी तुम्ही आम्हाला हॉटेलवर जाऊच दिलं नाहीत. वहिनी, तुमच्या घरातली ती जाड रजई, पायमोजे, ह्यांना माकडटोपी, मला तुमचा स्वतःचा तांबडा फुलबाह्यांचा स्वेटर. मी नको नको म्हणतेय आणि तुम्ही माझे हात धरून लहान पोरीसारखे बाह्यांत घालताय. "दिल्लीची थंडी दिसत न्हाय ताई, हाडात बसती." ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याचं भरीत. आम्ही भातखाऊ माणसं, पण त्या रात्री ह्यांनी किती भाकऱ्या खाल्ल्या ते मोजायला नको. तुमची लेक हिंदीत मराठी मिसळून बोलते, "मम्मी, पाहुणे लोगांना और चटणी दे ना," ते मला फार गोड वाटलं, तिला रागावू नका त्यावरून.

किल्ल्याला दादा स्वतः आलात, दुकान पोराच्या भरवशावर टाकून. दिवाण-ए-खासमध्ये उभं राहून वर बोट दाखवलंत आणि म्हणालात, "हितं चांदीचं छत हुतं. पानिपताच्या आधी, १७६० ला, भाऊसाहेबांनी काढून गाळलं. फौजेला द्यायला पैसा न्हवता." आणि मग हळूच, "म्हंजी दिल्लीत पयली मराठी गलाई तीच म्हणायची." आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले इतके आम्ही हसलो. आमच्या पुस्तकात पानिपत आहे, भाऊसाहेबांचं नाव आहे, पण छत गाळायला भट्ट्या किती लागल्या असतील, कोळसा कुठून आणला असेल, हे धंद्यातल्याच माणसाच्या डोक्यात येणार.

मला मात्र तिथे दुसरंच सुचलं. ह्याच दालनात १८५८ साली इंग्रजांनी बहादुरशाह जफरवर खटला चालवला आणि त्याला रंगूनला धाडलं, तो तिकडेच १८६२ ला गेला. आणि पुढे ब्रह्मदेशाचा राजा थिबा, त्याचं राज्य इंग्रजांनी १८८५ ला घेतलं आणि त्याला आणून ठेवलं कुठे, तर आमच्या रत्नागिरीत. थिबा पॅलेस आमच्या घरापासून चालत जाण्यासारखा आहे, संध्याकाळी आम्ही तिकडच्या पॉइंटवर भाट्याची खाडी बघायला जातो. तीस वर्षं तो माणूस त्या खाडीकडे बघत बसला आणि १९१६ ला इथेच वारला. इथला राजा तिकडे आणि तिकडचा राजा आमच्याकडे, असला व्यवहार. हे मी बोलल्यावर दादा तुम्ही म्हणालात, "मग आमचं बी तसंच की, फकस्त आमाला कुणी धाडलं न्हाय." त्यावर हे काही बोलले नाहीत आणि मीही नाही, पण परतीच्या गाडीत आमचं त्यावर बरंच बोलणं झालं.

वहिनींनी खारी बावलीत नेलं ते वेगळंच प्रकरण. मसाल्याचा बाजार म्हणजे आपलं दोन-चार गल्ल्या असतील असं वाटलेलं, तर शिंकून शिंकून हैराण, मिरच्यांची पोती डोक्यावर घेऊन हमाल "साइड साइड" करत अंगावर येतात. काजूच्या दुकानात मी भाव विचारला आणि दोनशे चाळीसचा (मोठ्या दाण्याचा) नंबर सांगून तीनशे वीसचा (बारीक दाण्याचा) माल दाखवत होता तो माणूस, मी म्हटलं भाऊ, आमच्या परसात काजू होतो. वहिनी तोंडाला पदर लावून हसत होत्या. मग किनारी बाजाराच्या तोंडाशी दौलत की चाट. फक्त थंडीतच मिळते, रात्रभर दूध गारठ्यात ठेवून पहाटे घुसळायचं आणि वरचा फेस तेवढा काढून घ्यायचा, त्यावर खवा, पिठीसाखर, केशर. तोंडात घातली आणि काही उरलंच नाही, मी म्हटलं पैसे कशाचे दिले? वहिनींनी दुसरा द्रोण हातात दिला, "आता दमानं खावा."

आणि शेवटची ती रात्र. मंगला सकाळी लवकर सुटते म्हणून पहाटे चारला तुमच्या ओळखीचा रिक्षावाला दारात उभा, आणि निजामुद्दीनला पोचतो तर गाडी रिशेड्यूल, आधी तीन तास मग अजून वाढलेली. धुक्यात समोरचा प्लॅटफॉर्म दिसत नव्हता. तुम्ही फोनवर विचारलंत, आम्ही सांगितलं सगळं ठीक आहे तुम्ही झोपा, आणि तासाभरात दोघंही थर्मास घेऊन हजर! वहिनींच्या हातात दशम्यांचा डबा. गाडी हलेपर्यंत बसलात. नात्यातली माणसं असं करतीलच याची मी खात्री देत नाही, हे नातेवाईक वाचणार आहेत हे माहीत असून लिहितेय.

स्वेटर धुऊन इस्त्री करून ठेवलाय, वहिनी. माकडटोपी मात्र हे परत द्यायला तयार नाहीत, पहाटे बागेत फवारणीला घालून जातात, गडी लोक हसतात तरी. पार्सल कुरिअरला दिलंय, त्यात काजूगर आहेत (आमचेच, दोनशे चाळीस), कोकमं, आगळाची (कोकमाच्या रसाची) बाटली आणि तळलेले गरे. आगळाला मीठ घातलेलं आहे तेव्हा सोलकढीत वरून मीठ घालताना बेताने. आंब्याची पेटी पहिल्या तोडीची पाठवायची असं ह्यांनी ठरवलंय, मोहोर यंदा बरा आहे, फळ किती टिकतं ते बघायचं.

आणि एप्रिलच्या शेवटाला लेकीची परीक्षा आटोपली की या. रिझर्व्हेशन आत्ताच करा, सुट्टीत कोकणातल्या गाड्या मिळत नाहीत. स्टेशनवर हे येतील न्यायला, गरम कपडे अजिबात आणू नका.

तुमची,
रत्नागिरीची ताई