भाषण नको, सोयीची पाळी द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या औद्योगिक पट्ट्यात कुठल्याही कारखानदाराशी बोला, एकच तक्रार ऐकू येते : पोरं टिकत नाहीत, आणि टिकली तरी मनापासून काम करत नाहीत. त्यावर उपाय म्हणून बाहेरचे वक्ते बोलावून कामगारांना 'मोटिव्हेट' करायचे कार्यक्रम होतात. मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात, ३१ वर्षं नोकरी केली. त्यातली शेवटची १८ वर्षं फेटलिंगला सुपरवायझर होतो. अशा एका कार्यक्रमाला मी स्वतः बसलो होतो, आणि त्यानंतर जे केलं त्याचा गुण आला. म्हणून हे पत्र.

फेटलिंग म्हणजे साच्यातून निघालेल्या कास्टिंगची (ओतलेल्या भागाची) वाळू झाडायची, रनर-रायझर, म्हणजे धातू ओतायच्या वाटांत थिजलेले दांडे, तोडायचे आणि कडेची फ्लॅश (जादा धातूची पातळ पट्टी) ग्राइंडरनं घासून काढायची. आठ तास हातात ग्राइंडर, तोंडाला मास्क, कानात बोळे. घरी जेवायला बसलं तरी घास धरताना बोटं थरथरतात. या कामाला कुणी हौसेनं येत नाही.

२०१७ च्या जूनमधली गोष्ट. साप्ताहिक सुट्टीचा दिवस, शहरातला हॉल, हजेरी सक्तीची. (नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांना उभं करून १८९० साली आठवड्याची सुट्टी मिळवली. ती अशी परस्पर काढून घ्यायचा हक्क कुणालाच नाही, हे माझं तेव्हाही मत होतं.) वक्त्यानं टाळ्या वाजवून घेतल्या, मग प्रत्येकाच्या हातात एक निळं कार्ड दिलं आणि आयुष्यातलं सगळ्यात मोठं ध्येय लिहायला सांगितलं. माझ्या शेजारी आमच्याच विभागातला २३ वर्षांचा पोरगा होता. पन्हाळ्याकडच्या एका वाडीतला. वडील गेले तेव्हा नववीतून शाळा सुटली आणि हातात ग्राइंडर आला. तो बराच वेळ पेन धरून बसला, मग मोठ्या अक्षरात दोनच शब्द लिहिले : 'धावी पास'.

कार्डं गोळा करणाऱ्या साहेबांनी ते वाचलं आणि परत दिलं. म्हणाले, "अरे, हे तुझं घरचं झालं. कंपनीसाठी काय करणार ते लिही." पोरानं ते दोन शब्द खोडले, पुढच्याच्या कार्डात डोकावला आणि खाली लिहिलं, 'रिजेक्शन (नापास माल) कमी करणार'. साहेब वाईट नव्हते. त्यांना संध्याकाळी ती कार्डं बोर्डावर लावायची होती. पण त्या पोराचा चेहरा मला बघवला नाही. त्यानं खरं सांगितलं होतं आणि आम्ही त्याला ते खोडायला लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत त्याला बाजूला घेतलं. "खरंच बसायचंय का दहावीला?"

"बसायचंय ओ मामा. आयटीआय करून फिटर व्हायचंय. पण थर्ड शिफ्ट मारून आलं की अक्षर दिसत न्हाई."

अडचण एवढीच होती. सतरा नंबरचा फॉर्म भरून शाळेत न जाता दहावीला बसता येतं, हे त्याला माहीत होतं. मार्चपर्यंत त्याला पहिली पाळी पाहिजे होती. पण त्याच्या वाटची रात्रपाळी कुणी करायची? तेव्हा रात्री दहा ते सकाळी सहा वीजदरात सवलत मिळायची, त्यामुळे आमची भट्टी रात्रीच जोरात चालायची आणि रात्री माणूस कमी करून भागत नव्हतं.

म्हणून दोनशे पानी वही घेतली आणि विभागातल्या चौदाही जणांना एकेक करून विचारलं : तुला स्वतःला काय करायचंय, आणि त्याला कुठली पाळी आड येते? कंपनीचं नाव काढलं नाही. पहिले चार दिवस कुणी धड बोललं नाही, मग एकेकजण सांगायला लागला. एकाला पोलिस भरतीची तयारी करायची होती. पहाटे १६०० मीटर पळायचं आणि गोळा टाकायचा, ते रात्रपाळी करून होत नव्हतं. बिहारच्या एकाला दिवाळीनंतर छठपूजेच्या सणाला गावी जायचं होतं. तीन वर्षं सुट्टी मागून मिळाली नव्हती, म्हणून दर वर्षी तो न सांगता जायचा आणि परत आल्यावर त्याची बोलणी खायची. तिघांची ऊसशेती होती. शेतीपंपाची वीज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री. रात्रीच्या वीजेच्या आठवड्यात आम्ही त्यांना रात्रपाळी लावली की ते येणारच नाहीत, कारण पाणी कोण पाजणार? हजेरीबुकात त्याचा खाडा पडायचा आणि आम्ही म्हणायचो, माणूस कामचुकार आहे.

मी काय केलं, तर शेतीच्या वीजेचं वेळापत्रक मागवून पाळीच्या तक्त्याशेजारी चिकटवलं. दिवसा वीज असलेल्या आठवड्यात ते तिघं आपणहून रात्रपाळीला आले. सकाळी घरी जाऊन चार तास झोपायचे आणि मग मोटर चालू करायचे. दहावीवाल्याची रात्रपाळी अशी भरून निघाली. छठचे दहा दिवस तीन महिने आधीच लिहून टाकले, त्या बदल्यात त्यानं गणपतीत आमच्या गाववाल्यांची कामं ओढली. चौदातल्या दुसऱ्या तिघांची सोय मात्र मला काही केल्या लावता आली नाही, आणि ते त्यांना तोंडावर सांगितलं.

पूर्वी चौदातले तीन-चार जण रोज गैरहजर असायचे. दिवाळीपर्यंत एखादा दुसरा दिवस सोडला तर विभाग भरलेला असायचा. दहावीवाल्या पोराचा सगळ्या काळात एकच खाडा झाला, तोही शाळा सोडल्याचा दाखला आणायला गेला म्हणून. आणखी एक सांगतो. पूर्वी कास्टिंगला ब्लो होल, म्हणजे आत हवा अडकून पडलेलं भोक, दिसलं तरी हा पोरगा ते वरून घासून पुढं ढकलायचा. त्या हिवाळ्यात मी बघितलं, तो त्या भोकाभोवती खडूनं गोल करायचा आणि कास्टिंग खांद्यावर घेऊन स्वतः मोल्डिंगला, म्हणजे साचे करणाऱ्या विभागाला, दाखवायला जायचा. हे त्याला मी सांगितलं नव्हतं आणि कार्डावरही कुणी लिहिलं नव्हतं.

मार्चमध्ये त्याचं गणित गेलं. माझ्या मुलीनं सुट्टीच्या दिवशी त्याच्याकडून बीजगणित करून घेतलं आणि जुलैच्या पुरवणी परीक्षेत तो सुटला. पुढच्या वर्षी फिटर ट्रेडला नंबर लागला आणि तो नोकरी सोडून गेला. पोलिस भरतीवाला मैदानी चाचणीत निघाला, लेखीत राहिला. वय संपलं, तसा तोही गावी गेला.

इथंच मालक लोक म्हणतात, "बघा, शिकला की उडाला. आम्हाला काय मिळालं?" मला हे पटत नाही. तो तसाही जाणारच होता. फेटलिंगला जन्मभर कोण राहतं? फरक इतकाच की जाईपर्यंतची दोन वर्षं त्यानं मन लावून काम केलं, आणि जाताना त्याच्या वाडीतली दोन पोरं आमच्याकडं लावून गेला. पोरं मिळत नाहीत म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. कारखाना कसा आहे हे गावात जाहिरात वाचून कळत नाही. आधी तिथं राबून आलेला पोरगा काय सांगतो, त्यावर ठरतं.

दुसरी हरकत, 'एकाला दिलं की सगळे मागतील.' सगळ्यांनी मागितलंच, मी विचारलंच होतं. बहुतेकांचं मागणं एकमेकांत बसून गेलं, कारण एकाला नको असलेली पाळी दुसऱ्याला हवी असते. फक्त ते कुणी विचारलेलं नसतं.

पगार वेळेवर नसेल, मास्क फाटके असतील, तर पाळ्या बदलून काही होणार नाही, हेही सांगतो. आणि आता बरीच पोरं ठेकेदाराच्या पटावर असतात. त्यांची पाळी सुपरवायझरच्या हातात राहिलेली नाही. ठेकेदाराला सांगणं मालकाचं काम आहे, ते त्यांनीच केलं पाहिजे.

किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी आपल्या भागात 'कमवा आणि शिका'ची रीत घालून दिली. शिकणाऱ्या पोराला काम कसं द्यावं हे त्यांनी दाखवलं. काम करणाऱ्या पोराला शिकायला वेळ देणं तर त्याहून सोपं आहे.

सतरा नंबरचे फॉर्म पावसाळ्यात सुरू होतात. ते ऑनलाइन भरून कागद नेमून दिलेल्या शाळेत द्यावे लागतात. बहुतेक पोरं अडतात ती दाखल्यापाशी, कारण जुन्या शाळेत जायला कामाच्या दिवशी सुट्टी मिळत नाही. शिरोलीतल्या कुठल्याही कारखान्यानं अशा पोरांची यादी केली, तर दाखल्यापासून फॉर्म भरेपर्यंत मी बरोबर येईन. सकाळी दहानंतर मोकळा असतो. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे, विचारणाऱ्याला जरूर द्यावा.

आपला,
एक निवृत्त फाउंड्री सुपरवायझर
पुलाची शिरोली, जि. कोल्हापूर