कोंडी गावाजवळच्या पंक्चरवाल्या मामांना, पोचल्याची खबर

मामा, नमस्कार.

"पोचलाव की कळवा," असं तुम्ही निघताना म्हणालात; पण नंबर ना तुम्ही दिलात, ना मी मागितला. दुकानाला पाटीही नाही. म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय. नातू दिवसभर मोबाईलमध्ये डोकं घालून बसतो, अशी मामींची तक्रार होती. त्याच्या नजरेस पडलं तर वाचून दाखवेल.

तर, पोचले. नळदुर्ग, उमरगा, जहिराबाद करत हैदराबादला. तुम्ही सायकलच्या चाकात घातलेली तार शेवटपर्यंत टिकली.

तुमच्या दारात मी कुठल्या अवस्थेत आले होते ते तुम्ही पाहिलंच, पण तशी का झाले होते ते सांगायचं राहिलं. पुण्याहून हैदराबाद म्हणजे साडेपाचशेच्या वर किलोमीटर. त्यातला इंदापूर ते सोलापूर हा टप्पा मी कागदावर सोपा धरला होता. चढ नाही, घाट नाही, रस्ता चौपदरी. पण पावसाळा सरला की इकडचा वारा पूर्वेकडून येतो आणि आपण तर पूर्वेलाच निघालेलो. टेंभुर्णीपासून जो समोरून लागला तो मोहोळ गेलं तरी हटेना. घाटाचं एक बरं असतं, माथा दिसतो. वाऱ्याला माथा नाही. त्यात सोलापूरची ऑक्टोबर हीट. दोन्ही बाजूंना काळं रान, त्यात नुकती उगवलेली ज्वारी, आणि सावली म्हणाल तर पुलाखाली. बाटलीतलं पाणी चहासारखं गरम. मोडनिंबच्या पुढे मी मैलाचे दगड वाचायचंच सोडून दिलं.

लांबोटीचा पूल ओलांडला आणि मागच्या चाकातून टण्‌कन आवाज आला. तार तुटली, तीही नेमकी गिअरच्या बाजूची. सायकलवर फिरणाऱ्यांना त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. त्या बाजूच्या तारा जास्त ताणलेल्या असतात, मागच्या सामानाचा भार त्यांच्यावर येतो, म्हणून बहुतेकदा तुटतात त्याच. आणि नवी घालायची तर गिअरच्या दात्यांचा सगळा जुडगा काढावा लागतो. त्याला लागणारा पाना माझ्याकडे नव्हता. चाक लगेच आऊट झालं, म्हणजे वाकडं फिरायला लागलं, रिम ब्रेकला घासायला लागली. शहरातल्या एका दुकानात फोन केला, तर "उद्या घेऊन या" एवढंच उत्तर. कसं आणायचं ते त्यांनी सांगितलं नाही. एका गाडीवाल्याने काच खाली करून "मॅडम, एवढ्या उन्हात कशाला?" असा प्रश्न मात्र आपुलकीने विचारला.

सायकल ढकलत तुमच्यापर्यंत आले तेव्हा दुकान बंद होत होतं. कोजागिरी होती. गावातला टेम्पो तुम्हा सगळ्यांना सोलापुरात रूपाभवानीच्या देवळापाशी सोडणार आणि तिथून रात्रभर चालत तुळजापूर, असा तुमचा बेत. मामी फडक्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधत होत्या. दसऱ्यानंतर झोपलेली देवी पौर्णिमेला जागी होते, तेव्हा तिथे असायलाच हवं, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. टेम्पोवाला हॉर्नवर हात ठेवून बसला होता. तुम्ही चाक एकदा हाताने फिरवलंत, दात्यांच्या मागे वाकून बघितलंत आणि टेम्पोला म्हणालात, "तुम्ही व्हा पुढं, मी येष्टीनं येतो."

खरं सांगायचं तर मला तेव्हा धास्तीच वाटली. तुमच्या दुकानात उभ्या सायकली सगळ्या जुन्या, काळ्या, दुधाच्या कॅनवाल्या. म्हटलं, आता हे हातोडी घेऊन दाते ठोकून काढणार. तुम्ही दात्यांना हातही लावला नाहीत. डब्यातून जुन्या सायकलची लांब तार काढलीत, पकडीने तिचं डोकंच उडवलंत. मग तुटलेल्या तारेशेजारी धरून माप घेतलंत आणि ऐरणीच्या तुकड्यावर दोन टोले देऊन टोकाला इंग्रजी झेडसारखे दोन बाक काढलेत. डोकं नसलेली ती तार दाते आणि हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) फटीतून तिरकी सरकवलीत, भोकात अडकवलीत, नि दुसरं टोक रिममधल्या जुन्याच निपलात, म्हणजे तार कसायच्या छोट्या नटात, पिळलंत. टायर नाही, ट्यूब नाही, काही उघडलं नाही. मी इतकी वर्षं सायकल चालवते, महागडी हत्यारं बाळगते. हे कुणी मला दाखवलं नव्हतं.

मग सायकल उलटी करून, रिमजवळ खडू धरून आऊट काढायला बसलात. खडू घासेल तिथे पाव आटा. इकडच्या तारा कस, तिकडच्या सोड, पुन्हा फिरव. तारेला बोटाने छेडून आवाज ऐकत होतात. तेवढ्यात दोन एसट्या सोलापूरकडे गेल्या, तुम्ही मान वर केली नाहीत. मामीही टेम्पोने गेल्या नव्हत्या. त्यांनी बांधलेली गाठ माझ्यासाठी पुन्हा उघडली होती. भाकरी तोंडात मोडायलासुद्धा दम लागत होता, इतकी मी थकले होते. त्यांनी ती ताकात भिजवून दिली.

चाळीस रुपये सांगितलेत. मी शंभराची नोट दिली, तर साठ मोजून परत केलेत. वर बजावलंत, "कामचलाऊ हाय. मागचं वझं थोडं पुढं घ्या, खड्डा बघून चालवा." त्याप्रमाणे मागच्या बॅगेतलं पाणी आणि हत्यारं पुढच्या पिशवीत घेतली. पुढे कोंडी-केगावपर्यंत पौर्णिमेचा चंद्र अगदी समोर होता आणि वाराही पडला होता. हॉटेलवर पोचल्यावर अंघोळही न करता झोपले.

हैदराबादला नवी तार घातली. तिथल्या मिस्त्रीने तुमच्या तारेचा फोटो काढून ठेवला आणि "कोणी केलं?" म्हणून दोनदा विचारलं. ती तार मी मागून घेतली. आता आमच्या पुण्याच्या ग्रुपमधले बरेचजण तशा वाकवलेल्या दोन तारा फ्रेमला चिकटपट्टीने बांधून नेतात. वाकवायला मीच शिकवते. तुमच्यासारखा बाक अजून एकालाही जमत नाही, मलाही नाही.

त्या रात्री तुम्ही दोघं कधी निघालात, कुठवर गाडी मिळाली, आणि देवी जागी व्हायच्या वेळेला तिथे होतात का, हे मला कळलेलं नाही. ते विचारायचंय. पुढच्या कोजागिरीला सायकल घरी ठेवून तुमच्याबरोबर तुळजापूरला चालत यायचं मनात आहे. पंचेचाळीसेक किलोमीटर पायी कधी चालले नाही, तेव्हा कुठली चप्पल चालते तेवढं मामींना विचारून ठेवा. नातवाला म्हणावं, उत्तर लिहून टाक.

मामींना नमस्कार.

तुमची,
पुण्याची सायकलवाली