इटलीतल्या आल्बाजवळच्या टेकडीवरच्या सिन्योरांना

सिन्योरा, सप्रेम नमस्कार.

तुमच्याकडच्या मुक्कामाहून निघताना तुमचे हात हातात धरले, पण घशाशी आवंढा आला आणि बोलायचं राहूनच गेलं.

आई माळकरी. मांस-मासे नाही, अंडं नाही, आणि चातुर्मास असल्यामुळे कांदा-लसूणही नाही. टूर कंपनीला हे आम्ही लेखी दिलं होतं. "काही काळजी करू नका," म्हणाले. मग व्हेज म्हणून आलेल्या सूपमध्ये कोंबडीचा स्टॉक निघाला, पास्त्यात हॅम निघाला. तक्रार केली तर गाइड म्हणतो, "तुकडे बाजूला काढा ना." आई ब्रेड आणि फळांवर दिवस काढत होती, आणि वर आम्हालाच समजावत होती, "माझ्यापायी तुमची ट्रिप नका नासवू." ते ऐकवत नव्हतं हो.

तुमचा लांगेचा प्रदेश तर त्याहून अवघड. तायारिन या पास्त्याच्या किलोभर पिठाला अंड्यांचे ३०-४० बलक, रिसोत्तो या भाताला मांसाचा स्टॉक, भाज्या बुडवून खायच्या बान्या काउदात अँचोव्ही मासे. मी फोनवर इटालियनमध्ये लिहून तुमच्यापुढे धरलं, तेही कसनुसं होऊन.

तुम्ही ते शांतपणे वाचलंत, आत गेलात आणि मोठं ताट घेऊन आलात. आईसमोर एकेक जिन्नस उचलून धरलात. सुक्या पास्त्याचं पाकीट: रवा आणि पाणी, बाकी काही नाही, हे बोट ठेवून दाखवलंत. टोमॅटो, ऑलिव्हचं तेल. आईची मान डोलली. लसणाच्या गड्ड्याला तिने "नको" म्हटलं, तो लगेच तुमच्या ॲप्रनच्या खिशात गेला. चीजचा तुकडा तर तुम्ही आपणहून मागे घेतलात, कारण त्यात वासराचं रेनेट, म्हणजे दूध गोठवायला वापरतात ते वासराच्या पोटातलं द्रव्य, असतं. शेवटी बेझिलची डहाळी. आईने ती हुंगली, "अगं, ही तर तुळशीच्याच कुळातली," म्हणाली आणि कपाळाला लावली. त्या रात्री ती पोटभर जेवली. दुसऱ्यांदा वाढून घेतलं तिने!

आणि तुमचा मुलगा! बाबा निफाडचे द्राक्षबागायतदार, त्यांना तुमच्याकडची बारोलो वाइन चाखायची होती. बाटली मागवणार तेवढ्यात त्याने थांबवलं. बारोलो विकण्याआधी किमान ३८ महिने मुरवावी लागते, त्यातले १८ लाकडी पिंपात, त्याचे पैसे पडतात. त्याच नेब्बियोलो द्राक्षाची साधी लांगे नेब्बियोलो घ्या, जेवणाबरोबर छान लागेल, असं म्हणाला. निम्म्याहून कमी दरात बाबा खूश. उरलेल्या बाटलीला बूच लावून, खोलीचा नंबर लिहून ती दुसऱ्या दिवशी पुन्हा टेबलावर हजर. गिऱ्हाईक स्वतःहून महाग मागतंय आणि दुकानदार त्याला स्वस्तातलं चांगलं देतोय, अशी माणसं बाबांनी बाजार समितीत उभ्या आयुष्यात फार थोडी पाहिली आहेत.

परक्या बाईचा नेम आपला मानून सांभाळायचा, याला मन मोठं लागतं. ते तुमच्या घरात सगळ्यांकडे आहे, पाणी आणून देणाऱ्या नातीकडेसुद्धा.

सप्टेंबरात तुमच्याकडे डोल्चेत्तो द्राक्षांची तोडणी सुरू होती, आमच्याकडे ऑक्टोबर छाटणीची तयारी. बाबांचा निरोप आहे: फेब्रुवारीत या, तेव्हा आमचा माल तयार असतो. राहायचं घरीच. स्वयंपाक आई करणार, आणि काय चालत नाही ते आधी विचारून घेणार.

तुमची,
निफाडची लेक